शत्रूचं रिंगण कुठवर वाढू द्यायचं?

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका शाळेत नववीला इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी मला पत्रातून हा प्रश्न विचारला. २०२५ च्या जूनमध्ये शाळा उघडली. पहलगामचा हल्ला आणि त्यानंतर मे महिन्यात चार दिवस चाललेला संघर्ष, हे सगळं मुलांनी सुट्टीत मोबाईलवर पाहिलं होतं. १९७१ च्या युद्धाचा विषय निघाला तसा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "त्यांची गावंच्या गावं उडवायला पाहिजेत. पोरंबाळंसुद्धा. मोठी होऊन ती आपल्यालाच मारणार." वर्गाने टाळ्या वाजवल्या. एका मुलाने वाजवल्या नाहीत, तर बाकीच्यांनी त्याला विचारलं, "तू का नाही वाजवल्यास?" तो मुलगा मुसलमान आहे. तो काही बोलला नाही आणि दुसऱ्या दिवशी शाळेतही आला नाही. बाई लिहितात, "द्वेष करू नका म्हटलं तर मुलं मला भित्री समजतात. युद्ध इतकं क्रूर असताना समोरच्या देशातल्या साध्या माणसांबद्दल काय वाटून घ्यायचं? तुम्ही लढून आला आहात, तुम्ही सांगा."

ताई, सुरुवात माझ्यापासूनच करतो. तुमच्या वर्गातला तो मुलगा जे बोलला, ते मलाही वाटून गेलेलं आहे.

१९९९ मध्ये, कारगिल युद्धाच्या वेळी, मी तोफखान्यात कॅप्टन होतो आणि आमची रेजिमेंट द्रासला होती. १५ मे रोजी काकसर भागात गस्तीवर गेलेले कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच जवान पकडले गेले. ९ जूनला त्यांचे मृतदेह परत मिळाले. त्या देहांचे हाल केलेले होते, हे तेव्हा साऱ्या देशाला कळलं. आम्हाला ते वर्तमानपत्रातून कळायच्या आधी वायरलेसवरून आणि तोंडोतोंडी कळलं होतं. त्या रात्री तोफांपाशी कोणी जेवलं नाही. मला आठवतं, मी मनाशी म्हणालो होतो की आता पलीकडचं काहीही शिल्लक राहू नये. माणूस, जनावर, घर, काही नको. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, हाताशी १५५ मिलिमीटरच्या तोफा असताना मनात आलेला हा विचार आहे. म्हणून तुमच्या त्या विद्यार्थ्यावर मी रागावणार नाही, तुम्हीही रागावू नका. आपल्या माणसाचे हाल पाहून ज्याचं रक्त तापत नाही, त्याला मी शहाणा म्हणणार नाही. पण त्या तापलेल्या डोक्याने पुढे काय करायचं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी निरीक्षण अधिकारी म्हणून पायदळाबरोबर एका कड्यावर चढलो. तोफखान्याचं काम कसं चालतं ते मुलांना ठाऊक नसेल. तोफा मागे असतात, कित्येक किलोमीटर मागे. त्या चालवणाऱ्या जवानांना लक्ष्य दिसत नाही. पुढे पायदळाच्या सोबत एक अधिकारी असतो, दुर्बीण आणि वायरलेस घेऊन. गोळा कुठे पडला ते तो पाहतो आणि मागे सांगतो: दोनशे कमी करा, पन्नास डावीकडे. पंचवीस वर्षांच्या नोकरीत तोफखान्याचा माणूस शत्रूला जवळून फारच क्वचित बघतो. मी त्या दिवशी पाहिला. कडा हाती आल्यावर दगड रचून केलेल्या मोर्च्यात चार देह पडले होते. नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे सैनिक. माझ्याच तोफांनी गेलेले.

पाकिस्तान तेव्हा सांगत होता की हे आपले सैनिक नाहीतच, मुजाहिदीन आहेत. त्यामुळे बहुतेक देह घ्यायलाही ते तयार नव्हते. मग ते आपल्या सैन्याने पुरले, त्यांच्या धर्माच्या रीतीने, मौलवींना बोलावून. त्या कड्यावर माती नव्हती, नुसता दगड. खड्डा खणायला जे दोघे पुढे झाले, त्यांतला एक जवान, हुद्द्याने नायक, सातारा जिल्ह्यातला होता. त्याचा जोडीदार आदल्याच रात्री गेला होता. मी त्याला म्हटलं, तू राहू दे, दुसरा कोणीतरी करेल. तो म्हणाला, "साहेब, लढाई झाली. माणसाला कोल्ह्या-कुत्र्यांना टाकायचं नसतं." पुढे अर्धा-पाऊण तास तो सब्बलीने दगड फोडत राहिला. त्याच्या मनात त्या चौघांविषयी माया नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्याने त्यांना क्षमाही केली नव्हती. पण आपलं आणि त्यांचं भांडण कुठे संपतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मला ते तोवर ठाऊक नव्हतं.

ताई, मी जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. शत्रू असतो. तो नाकारून चालत नाही, त्याच्याशी लढावं लागतं आणि लढाईत मारावंही लागतं. पण शत्रू कोण, याचं रिंगण आपण आखायचं असतं आणि आखलं की राखायचं असतं. आपण नाही राखलं तर ते आपोआप वाढत जातं. बंदूक घेऊन समोर उभा असलेल्यापासून त्याच्या गावापर्यंत, गावापासून भाषेपर्यंत, भाषेपासून धर्मापर्यंत. आणि एक दिवस ते तुमच्या वर्गातल्या बाकापर्यंत येऊन पोचतं. तुमच्या वर्गात ते एका तासिकेत पोचलं.

रिंगण वाढवणारे बहुतेक वेळा लढणारे नसतात, हेही मुलांना सांगा. ही माझ्या एकट्याची समजूत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने आपल्याच सैनिकांची मतं पद्धतशीर गोळा केली होती. अख्खं जपानी राष्ट्र पुसून टाकावं असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण पॅसिफिकमध्ये जपान्यांशी प्रत्यक्ष लढणाऱ्या पायदळात सर्वांत कमी निघालं. युरोपात लढणाऱ्या, म्हणजे जपानी माणूस कधी न पाहिलेल्या सैनिकांत ते जास्त होतं, आणि अमेरिकेतच प्रशिक्षण घेणाऱ्यांत सर्वांत जास्त. त्याच सुमारास, डिसेंबर १९४४ मध्ये, गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेने अमेरिकी नागरिकांना विचारलं की युद्धानंतर जपानी लोकांचं काय करावं. शंभरातल्या तेरा जणांनी उत्तर दिलं, सगळ्यांना मारून टाकावं. जपानी सैन्याने केलेले अत्याचार खरे होते, युद्धकैद्यांचे हाल खरे होते. तरी ज्यांनी ते जवळून भोगले त्यांच्यापेक्षा लांबून ऐकणाऱ्यांच्या मनात आग जास्त होती. समोरासमोर आलेल्या माणसाला समोरचाही घाबरतो, थंडीने कुडकुडतो, घरच्या पत्राची वाट पाहतो, हे दिसतं. पडद्यावर ते दिसत नाही. आणि तुमच्या मुलांनी युद्ध पाहिलं ते पडद्यावरच.

कारगिलमधलीच एक घटना नोंदली गेलेली आहे. टायगर हिलच्या लढाईत पाकिस्तानचे कॅप्टन कर्नल शेर खान मारले गेले. ('कर्नल' हे त्यांचं नाव होतं, हुद्दा कॅप्टनचा.) त्यांनी आपल्या जवानांना गोळा करून पुन्हा पुन्हा प्रतिहल्ले केले होते, आणि आपल्या शीख पलटणीने ते अंगावर घेतले होते. लढाईनंतर आपले ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्यांचा देह खाली आणवला आणि परत पाठवताना त्यांच्या खिशात चिठ्ठी ठेवली, की हा अधिकारी फार शौर्याने लढला, त्याला त्याचा मान मिळावा. पुढे पाकिस्तानने त्यांना निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च किताब दिला. बाजवांची देशभक्ती कमी होती असं म्हणायची हिंमत कोणी करणार नाही. टायगर हिल त्यांच्याच ब्रिगेडने जिंकली.

आता मुलं विचारतील, हा सगळा मोठेपणा ठीक आहे, पण युद्ध जिंकायला याचा उपयोग काय? विचारूच द्या. हा प्रश्न मला आवडतो, कारण याचं उत्तर भावनेचं नाही, आमच्या लढायच्या धंद्याचं आहे.

समोरच्याने शरण यावं असं वाटत असेल, तर शरण आल्यावर आपण जगू असा त्याला विश्वास वाटला पाहिजे. १९७१ च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पाकिस्तानी फौजेने आधीचे नऊ महिने जे केलं होतं, त्याने तिथला प्रत्येक माणूस पेटलेला होता. एक कोटीच्या आसपास निर्वासित आपल्याकडे आले होते. त्या फौजेला ठाऊक होतं की लोकांच्या हाती सापडलो तर चिंधड्या होतील. त्या वेळी जनरल माणेकशॉ यांनी रेडिओवरून आणि विमानातून टाकलेल्या पत्रकांतून पुन्हा पुन्हा सांगितलं: शस्त्रं खाली ठेवा, तुम्हाला सैनिकासारखं वागवलं जाईल. १६ डिसेंबरला ढाक्याच्या रमना रेसकोर्सवर तिथल्या पाकिस्तानी फौजेचे सेनापती लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी सही केली, त्या शरणपत्रातही हे लिहिलेलं आहे. शरण येणाऱ्यांना जिनिव्हा कराराप्रमाणे सन्मानाने वागवलं जाईल आणि पश्चिम पाकिस्तानी लोकांचं व अल्पसंख्याकांचं रक्षण केलं जाईल, असं लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्या सहीनिशी भारताने वचन दिलं. सुमारे ९३ हजार माणसं आपल्या ताब्यात आली. युद्ध तेरा दिवसांत संपलं. त्या ९३ हजारांतल्या सैनिकांना 'आपण मेल्याशिवाय हे सोडणार नाहीत' असं वाटलं असतं, तर ढाका गल्लीगल्लीत लढावं लागलं असतं. तिथे मेली असती ती आपली मराठा, जाट, गुरखा पोरं.

याच्या उलट पाहायचं असेल तर १९४५ ची, जपानच्या इवो जिमा बेटावरची लढाई पाहा. जपानी सैनिकाला शरण जाण्याची मनाई होती, आणि पॅसिफिकमध्ये अमेरिकी सैनिकही कैदी घेण्याच्या मनःस्थितीत फारसे राहिले नव्हते. दोन्हीकडचा द्वेष एकमेकाला खतपाणी घालत गेला. त्या बेटावरच्या सुमारे २१ हजार जपान्यांपैकी लढाईच्या काळात जिवंत पकडले गेले ते २१६. अमेरिकेचेही जवळपास ६,८०० जण गेले. कैदी जिवंत आणावेत म्हणून त्या युद्धात अमेरिकी अधिकाऱ्यांना आपल्याच सैनिकांना रजेची आमिषं दाखवावी लागली होती, कारण मेलेला शत्रू पुढच्या टेकडीवर किती तोफा आहेत ते सांगत नाही. नाशिकजवळ देवळालीला, तोफखान्याच्या प्रशिक्षण शाळेत शिकवताना मी तरुण अधिकाऱ्यांना हे नेहमी सांगायचो. तोफखान्याच्या पोरांना हिशेब लगेच कळतो.

तुमच्या प्रश्नात न विचारलेला एक प्रश्न मला जाणवला. जे राष्ट्र असं क्रूर युद्ध करतं, त्याची जनता खरंच निर्दोष असते का? नेहमीच नसते. टाळ्या वाजवणारे असतात, फायदा उचलणारे असतात, डोळे मिटून घेणारे तर पुष्कळच असतात. मी सगळ्यांना गाईच्या वासराची उपमा देणार नाही. पण दोष मोजून द्यावा लागतो. हुकूम देणारा, हुकूम पाळून हाल करणारा, बातमी ऐकून खूश होणारा, काही न कळलेला आणि पाळण्यातलं पोर, यांना एकाच ओळीत उभं केलं की सर्वांत जास्त फायदा हुकूम देणाऱ्याचा होतो. सगळेच गुन्हेगार ठरले की खरा गुन्हेगार गर्दीत नाहीसा होतो. कॅप्टन कालिया यांचे हाल ज्यांनी केले त्यांची नावं, त्यांचे हुद्दे, त्यांना कोणी मोकळीक दिली, हे मला हवं आहे. आजही हवं आहे. लाहोरमध्ये चहा विकणाऱ्याला शिव्या देऊन माझं ते मागणं पुरं होत नाही, उलट बोथट होतं. न्यूरेंबर्गला १९४५-४६ मध्ये जर्मन राष्ट्रावर खटला चालला नाही. नावानिशी नाझी म्होरक्यांवर चालला, बाराजणांना फाशीची शिक्षा झाली, आणि पुरावा पुरला नाही म्हणून तिघे सुटलेही. त्या सुटकांवर तेव्हा लोक चिडले होते. पण त्यामुळेच त्या बारा शिक्षांना वजन आहे.

आणि शत्रूच्या जनतेत कोण असतं ते तरी आपल्याला कुठे ठाऊक असतं? पूर्व पाकिस्तानातला नरसंहार जगाच्या डोळ्यांसमोर मांडणाऱ्यांत अँथनी मस्कारेन्हस हे नाव फार मोठं आहे. हा पत्रकार पाकिस्तानी होता, कराचीला काम करत होता. लष्कराने त्याला आपली बाजू मांडायला म्हणून पूर्व पाकिस्तानात नेलं. तिथे त्याने जे पाहिलं ते तो आपल्या देशात छापू शकत नव्हता. बायकामुलांना आधी देशाबाहेर काढून, स्वतःही सगळं सोडून तो लंडनला गेला आणि १३ जून १९७१ च्या संडे टाइम्समध्ये त्याने सगळं लिहिलं. त्याचा जन्म आपल्या बेळगावचा. तुमच्या वर्गाच्या टाळ्यांत जी गावं उडवायची होती, त्यांत असा माणूसही राहतो.

आता देवळालीकडे येतो. निम्म्या नाशिककरांना हे माहीत नसतं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हिंदुस्थानात असलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना ब्रिटिश सरकारने 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून पकडून तारेच्या कुंपणात ठेवलं. आधी अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, मग आपली देवळाली आणि नंतर देहरादून. नंगा पर्बतच्या मोहिमेवर आलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर याच वाटेने गेला आणि १९४४ मध्ये देहरादूनहून निसटून पुढे तिबेटात पोचला. तो हिटलरच्या एसएस संघटनेचा सदस्य होता. त्याला कुंपणात ठेवलं तर समजू शकतं. पण सुरुवातीच्या धरपकडीत हिटलरच्या छळातून जीव वाचवून इथे आलेले ज्यू निर्वासितही उचलले गेले, कारण त्यांच्या पासपोर्टावर जर्मनी लिहिलेलं होतं. ज्याने मारलं तो आणि ज्याला मारलं तो, दोघे एकाच छावणीत. चौकशी समितीने पुढे त्यांतल्या पुष्कळांना सोडलं. पण पासपोर्ट पाहून शत्रू ठरवला की काय होतं, ते त्या कुंपणात दिसत होतं.

देवळालीशी नाव मिळतंजुळतं असलेलं आणखी एक ठिकाण आहे, राजस्थानातली देवळी. लोक दोन्हींत गल्लत करतात. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं, आपला पराभव झाला, देश दुखावला गेला. तेव्हा आसाम, दार्जिलिंग भागांतून चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना उचलून आगगाडीने या देवळीच्या छावणीत आणलं. आसामातल्या माकूमसारख्या गावांत ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. कोणी सुतार, कोणी दुकानदार, कोणी आसामी किंवा खासी बाईशी लग्न केलेला. म्हातारे होते, शाळकरी मुलं होती. कित्येकांना चीन कसा दिसतो तेही ठाऊक नव्हतं. काहींना चीनला पाठवून दिलं, काहींची घरंदारं लिलावात गेली, आणि छावणीतले शेवटचे लोक १९६७ मध्ये सुटले. युद्ध एक महिना चाललं होतं. हे आपण केलेलं आहे, ताई, इंग्रजांनी नाही. मुलांना सांगताना हा भाग गाळू नका.

त्याच चीनला १९३८ मध्ये आपण डॉक्टर पाठवले होते. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तिथेच जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. ज्यांच्यासाठी सोलापूरचा डॉक्टर मेला, तेच वीस वर्षांनी शत्रू. युद्धं येतात-जातात, माणसं तीच असतात.

द्वेष हवा तेव्हा सुरू करता येतो, हवा तेव्हा बंद करता येत नाही. याचं सर्वांत कठोर उदाहरण रशियाचं आहे. जर्मनांनी तिथे जे केलं त्याला तोड नाही. सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं त्या युद्धात गेली. लेखक-पत्रकार इल्या एरेनबुर्ग सैन्याच्या वृत्तपत्रातून वर्षानुवर्षं लिहीत होते की जर्मन हा माणूसच नाही, त्याला मारा. तेव्हा सरकारला ते हवं होतं. मग लाल सेना जर्मनीत शिरली आणि तिथल्या बायकांवर जे अत्याचार झाले ते आता सर्वज्ञात आहेत. १४ एप्रिल १९४५ ला कम्युनिस्ट पक्षाच्या प्रावदा या वृत्तपत्रात अचानक लेख आला, एरेनबुर्ग फार सोपं करून मांडतात, सगळे जर्मन सारखे नाहीत. सरकारला आता जर्मनीवर राज्य करायचं होतं ना. पण चार वर्षं ज्याला सांगितलं की समोरचा माणूस नाही, त्याला एका सकाळच्या वर्तमानपत्राने ते कसं विसरता येणार?

आपल्याकडचं ताजं उदाहरण तर तुमच्या मुलांनी मोबाईलवर पाहिलेलं असणार. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यांत नौदलाचा एक तरुण अधिकारी होता, लग्नाला आठवडाही झाला नव्हता. त्याची पत्नी काही दिवसांनी म्हणाली की आम्हाला न्याय हवा, ज्यांनी हे केलं त्यांना शिक्षा हवी, पण लोकांनी मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नये. त्यानंतर तिला समाजमाध्यमांवर इतक्या घाण शिव्या दिल्या गेल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला निषेध करावा लागला. जिच्या डोळ्यांदेखत नवरा गेला, तिलाच लोकांनी रिंगणात ओढलं. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्दीतल्या माणसाच्या बायकोला शत्रू ठरवायला आपल्याला दहा दिवससुद्धा लागले नाहीत.

एक गोष्ट मात्र जपा. ज्याच्या घरातला माणूस गेला आहे, त्याला यातलं काही सांगायला जाऊ नका. निफाड तालुक्यातल्या एका घरी मी तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीबरोबर गेलो होतो. संध्याकाळी ओसरीवर त्या जवानाचे वडील तासभर त्या देशाला, तिथल्या लोकांना, त्यांच्या सात पिढ्यांना शिव्याशाप देत होते. द्राक्षाच्या बागेत आयुष्य गेलेला, एरवी कोणाला मोठ्याने न बोलणारा माणूस. मी शेजारी बसून ऐकलं. मध्ये एकदा पाणी दिलं. त्या शिव्या त्यांच्या हक्काच्या होत्या. ज्यांनी काही गमावलेलं नाही, त्यांनी त्या उसन्या घेऊन गल्लीत मिरवू नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे. तुमच्या वर्गात कोणाचा भाऊ किंवा काका सैन्यात असेल, तर त्याला आधी बोलू द्या. मनातलं सगळं बोलू द्या.

मग वर्गात काय करायचं? उपदेश नको, तुमचं बरोबर आहे, मुलं लगेच ओळखतात. माझ्या अनुभवात दोन गोष्टी चालतात. पहिली, साल्हेर. आपल्या बागलाणातला किल्ला, मुलं कदाचित चढूनही आली असतील. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठे मोगलांशी मोकळ्या मैदानात लढले आणि जिंकले. इखलासखानासारखे त्यांचे मोठे सरदार जखमी होऊन हाती सापडले. महाराजांनी त्यांना पुढे सोडून दिलं. मुलांना विचारा, का सोडलं? भित्रे होते म्हणून? वर्गाला अर्धा तास भांडू द्या, मध्ये पडू नका. आणि खाफीखानाचं सांगा. महाराजांना शिव्या घालणारा हा मोगलांचा इतिहासकार. पण मशिदीला, कुराणाला आणि कोणाच्याही स्त्रीला हात लावायचा नाही, हा महाराजांचा नियम त्यालाही लिहून ठेवावा लागला. शत्रूच्या लेखणीतून असं प्रशस्तिपत्र फार थोड्यांना मिळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे माणूस. देवळाली कॅम्पमध्ये माझ्या घराजवळ एक सिंधी आजोबा राहतात, किराणा मालाचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. फाळणीनंतर देवळालीत निर्वासितांची छावणी होती, तिथे ते आठव्या वर्षी आईचं बोट धरून आले. त्यांचा जन्म शिकारपूरचा. १९६५ ला आणि १९७१ ला त्यांनी दुकानाच्या काचांना काळा कागद लावला, जवानांसाठी वर्गणी गोळा केली. कारगिलहून मी परतलो तेव्हा पेढे घेऊन पहिले तेच आले. आणि तरी शिकारपूरचं लोणचं म्हटलं की त्यांचा आवाज बदलतो, आणि फाळणीच्या वेळी त्यांच्या आईला तीन दिवस घरात लपवून ठेवणाऱ्या मुसलमान शेजाऱ्याचं नाव ते अजून घेतात. ज्यांनी हाकललं त्यांचीही नावं त्यांना पाठ आहेत. दोन्ही याद्या वेगळ्या ठेवतात. मी त्यांना विचारलं आहे, यायला तयार आहेत. जिना चढवत नाही, तेव्हा वर्ग तळमजल्यावर घ्यावा लागेल.

तो मुलगा अजून शाळेत येत नसेल, तर तास ठरवण्याआधी त्याच्या घरी जाऊन या. एकट्या जा, वर्गातल्या मुलांना नेऊ नका. माफी मागायला लावलेली मुलं नंतर सूड घेतात. त्याच्या आईवडिलांना सांगा की तासाला टाळ्या वाजल्या तेव्हा तुम्ही थांबवायला हवं होतं आणि तुम्हाला ते त्या क्षणी सुचलं नाही. तुमच्या पत्रावरून तुम्ही हे सांगू शकाल असं मला वाटतं. शनिवारी तुमची सकाळची शाळा असते, तर मी आजोबांना घेऊन साडेनऊला येतो. त्या मुलाला मुद्दाम पहिल्या बाकावर आणू नका, त्याच्याकडे बघून काही बोलूही नका. तो नेहमी जिथे बसतो, तिथेच बसू दे.